ओरडणारी खिडकी

खरा अँटिव्हायरस फार मितभाषी असतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट उमटते, एक धोकादायक फाइल सापडली आणि ती बाजूला काढून ठेवली एवढं सांगते, आणि आपण तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही तरी थोड्या वेळाने आपली आपण निघून जाते. तिला घाई नसते, कारण बहुतेक वेळा आपल्याला सांगण्याआधीच तिचं काम उरकलेलं असतं. कित्येक जणांना तर आपल्या मशीनवर अँटिव्हायरस आहे हेच ठाऊक नसतं.

खोट्या इशाऱ्याला मात्र दम धरवत नाही. त्याला लाल रंग लागतो, भोंगा लागतो, उलटे मोजणारे सेकंद लागतात. 'तुमचे फोटो, पासवर्ड आणि बँकेची माहिती या क्षणी चोरीला जात आहे', 'कॉम्प्युटर बंद करू नका, बंद केल्यास सगळा डेटा नष्ट होईल', आणि खाली ठळक आकड्यांत एक फोन नंबर. मला या सगळ्यात सर्वांत बोलकं वाटतं ते 'बंद करू नका' हे वाक्य. कारण बंद करणं हाच बहुतेक वेळा उपाय असतो, आणि ते पान लिहिणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

आमच्या नात्यागोत्यात कॉम्प्युटरचं काही बिनसलं की फोन मला येतो. त्यातला काकांचा फोन लक्षात राहण्यासारखा होता. काका निवृत्त, हिशेबाचे पक्के, कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय सही न करणारे. त्या दिवशी आवाज एकदम बारीक.

"अगं, कॉम्प्युटरमधून एक बाई बोलतेय."

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, तुमचं मशीन लॉक केलंय, लगेच संपर्क साधा. नंबर दिलाय. तुला विचारून मग करावा म्हटलं."

"काका, नंबर नका लावू. आधी सांगा, काय शोधत होता?"

"प्रिंटरचं सॉफ्टवेअर. पहिलाच दुवा उघडला, तिथे डाउनलोडची चार बटणं होती. त्यातलं सर्वांत मोठं दाबलं."

सर्वांत मोठं बटण जवळजवळ नेहमी जाहिरातीचं असतं. खरं डाउनलोड कुठेतरी खाली, बारीक अक्षरांत, अंग चोरून बसलेलं असतं. आणि शोधाच्या निकालांत पहिल्या ओळीला जे येतं तेही कित्येकदा पैसे देऊन तिथे आलेलं असतं. प्रिंटरचं सॉफ्टवेअर हवं असेल तर प्रिंटर बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून जायचं. पण हे त्यांना त्या क्षणी सांगण्यात अर्थ नव्हता. बाई अजून बोलत होती.

"माऊस हलतोय, पण पान बंद होत नाहीये," काका म्हणाले.

यात जादू काही नाही. ब्राउझरला पूर्ण पडदा व्यापण्याची सोय असते, कारण आपल्याला व्हिडिओ तसे बघायचे असतात. हे पान तीच सोय वापरतं. पडदा भरला की वरची पत्त्याची पट्टी, टॅब, बंद करायची फुली सगळंच दिसेनासं होतं, आणि मग त्या मोकळ्या जागेत पान स्वतःची खोटी फुली काढतं, खोटी पत्त्याची पट्टी काढतं. काही पानं तर माऊसचा खरा बाण लपवून भलताच बाण फिरवतात. आपण फुलीवर दाबतो आणि दाबलं जातं दुसऱ्याच ठिकाणी. म्हणून माऊसच्या नादी लागायचं नाही, कीबोर्डकडे वळायचं. एस्केपचं बटण काही क्षण दाबून धरलं की पूर्ण पडदा सुटतो. नाहीच सुटला तर विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर निवडून त्याचं काम संपवायचं. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरायचं. न साठवलेलं काम जाईल, बाकी काही जाणार नाही. एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: ब्राउझर पुन्हा उघडला की तो आधीची पानं परत उघडू का म्हणून विचारतो. तिथे नाही म्हणायचं, नाहीतर बाई पुन्हा हजर.

काकांनी एस्केप दाबून धरलं. बाई बंद झाली. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला महत्त्वाचा वाटतो. "पण मग तिला माझ्या शहराचं नाव कसं ठाऊक? आणि मी विंडोज वापरतो हे?"

प्रत्येक पान उघडताना आपला ब्राउझर स्वतःच, तो कुठला ब्राउझर आहे आणि आपण कुठली प्रणाली वापरतो, हे त्या संकेतस्थळाला सांगत असतो. आपला आयपी पत्ताही त्याला द्यावाच लागतो, नाहीतर पान परत कुठे पाठवायचं? त्या पत्त्यावरून शहराचा साधारण अंदाज बांधता येतो. एवढीच माहिती. हवामानाचं पान तीच माहिती वापरून आपल्याकडच्या पावसाचा अंदाज दाखवतं आणि आपण दचकत नाही. इथे तीच माहिती लाल चौकटीत मांडली की अंगावर काटा येतो.

आणि पान याच्यापुढे जाऊ शकत नाही. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला बंद कुंपणात चालवतो. आपल्या डिस्कवर कोणत्या फाइली आहेत, त्यांत व्हायरस आहे का, हे त्याला बघताच येत नाही. म्हणजे पडद्यावर जी तपासणी भराभर सरकताना दिसते, फाइलींची नावं धावतात, धोक्यांचा आकडा वाढत जातो, ती तपासणी नसतेच. ते एक चलचित्र असतं. घराच्या खिडकीवर बाहेरून कोणी आत आग लागल्याचं चित्र चिकटवावं, तसं. जुन्या काळी ही पानं मॅकवर उघडली तरी विंडोजचा 'सी ड्राइव्ह' व्हायरसने भरल्याचं दाखवायची, मॅकवर तसला ड्राइव्ह नसतानाही. (ब्राउझरमध्येच एखादी जुनी त्रुटी राहिली असेल तर कुंपण तोडता येतं. पण ज्याला ते जमतं तो गाजावाजा करत नाही, गपचूप आत येतो. अपडेटचं महत्त्व तिथे आहे, त्याकडे येतेच.)

या आरडाओरड्याला बराच जुना इतिहास आहे. पॉप-अप जाहिरातीचा, म्हणजे आपली आपण वेगळ्या खिडकीत उमटणाऱ्या जाहिरातीचा, मूळ कोड लिहिणाऱ्यांपैकी एक, इथन झुकरमन, १९९०च्या दशकात ट्रायपॉड नावाच्या कंपनीत होते. जाहिरातदाराला आपली जाहिरात नको त्या मजकुराला चिकटलेली दिसायला नको होती, म्हणून तिला वेगळी खिडकी काढून दिली. २०१४ मध्ये त्यांनी एका लेखात त्याबद्दल जाहीर माफी मागितली. हेतू वाईट नव्हता, असंही म्हणाले. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण खिडकी एकदा उघडली की तिच्यातून कोण डोकावेल हे बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही. पुढे ब्राउझरनी पॉप-अप अडवायला सुरुवात केली. विंडोज एक्सपीच्या २००४ सालच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये, म्हणजे मोठ्या अपडेटमध्ये, तर ती सोय इंटरनेट एक्सप्लोररमध्येच आली. तोवर मात्र भीती विकण्याचा धंदा जम बसवून होता.

विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटिव्हायरस ही नावं ज्यांनी त्या काळात कॉम्प्युटर वापरला त्यांना आठवतील. पान खोटी तपासणी दाखवायचं, मग तोच 'आजार' बरा करणारं सॉफ्टवेअर विकायचं. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये या मंडळींना कोर्टात खेचलं. १० लाखांहून अधिक लोकांनी ही सॉफ्टवेअर विकत घेतली होती, आणि २०१२ मध्ये कोर्टाने १६ कोटी ३० लाख डॉलरहून मोठ्या रकमेचा निकाल दिला. मॅकवाले तेव्हा स्वतःला सुरक्षित समजत; २०११ मध्ये 'मॅक डिफेंडर' आला आणि तोही भ्रम फिटला.

'वाईट साइटवर गेलं तरच असं होतं' हा समज मात्र अजून फिटलेला नाही, आणि त्याचा मला राग येतो, कारण त्यामुळे माणसं लाजेने गप्प बसतात. सप्टेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर हेच घडलं. कोणीतरी व्होनेज या फोन कंपनीच्या नावाने जाहिरातीची जागा घेतली, आधी साधी जाहिरात दाखवली आणि मग शनिवार-रविवार गाठून तिच्या जागी खोट्या अँटिव्हायरसचा इशारा सोडला. बातम्या वाचायला आलेल्या सभ्य माणसांच्या पडद्यावर! जाहिरातीची जागा आज क्षणाक्षणाला यंत्रांमार्फत विकली जाते. ती कोणी घेतली हे संकेतस्थळाच्या मालकालाही धड माहीत नसतं.

आणि दुकानात नेलं की प्रश्न मिटला असंही नाही. अमेरिकेतल्या ऑफिस डेपो या साखळीने आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने २०१९ मध्ये साडेतीन कोटी डॉलर भरून याच कमिशनशी तडजोड केली. आरोप असा होता की त्यांच्या 'पीसी हेल्थ चेक'मध्ये सुरुवातीला चार प्रश्न असत: मशीन हळू चालतं का, वारंवार बंद पडतं का, अशा धाटणीचे. यातल्या एकालाही हो म्हटलं की निकालात व्हायरसची लक्षणं सापडल्याचं येई. मशीन हळू चालतं का, या प्रश्नाला नाही म्हणणारा मालक मी तरी अजून पाहिलेला नाही.

आता त्या फोन नंबराकडे. मायक्रोसॉफ्ट स्पष्टच सांगतं की त्यांच्या कुठल्याही खऱ्या चुकीच्या किंवा धोक्याच्या संदेशात फोन नंबर नसतो. म्हणजे पडद्यावर इशारा आणि नंबर एकत्र दिसले की निदान झालं, पुढचं वाचायची गरज नाही. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पण फोन करून नुसतं बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

बिघडतं ते असं. पलीकडचा माणूस ओरडत नाही. तो अत्यंत शांत, सभ्य असतो. पडद्याने घाबरवायचं आणि त्याने धीर द्यायचा अशी वाटणी असते. तो मदतीसाठी म्हणून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं सॉफ्टवेअर टाकायला सांगतो. ही सॉफ्टवेअर प्रामाणिक आहेत, रोज लाखो लोक कामासाठी वापरतात. पण त्यांच्यामार्फत आपला पडदा आणि कीबोर्ड त्याच्या हाती जातो. मग तो विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडतो. तिथे लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी असतात. अगदी नव्या, धडधाकट मशीनमध्येही असतात, कारण कुठली सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली याचीही तिथे नोंद होते. हा म्हणतो, बघा, किती बिघाड.

त्याची मला सर्वांत थक्क करणारी युक्ती पुढची आहे. तो आपल्याला कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करायला लावतो आणि म्हणतो, "तुमच्या कॉम्प्युटरचा गुप्त क्रमांक मी वाचून दाखवतो, जुळतो का बघा." आणि तो ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक अक्षर न अक्षर बरोबर वाचतो. कोणाचाही विश्वास बसेल. तो क्रमांक मात्र जगातल्या प्रत्येक विंडोजवर तोच असतो. फाइल झिप करून पाठवण्याच्या एका किरकोळ सोयीचा तो अंतर्गत क्रमांक आहे. काकांच्या मशीनवर मी ती आज्ञा मुद्दाम चालवून दाखवली, मग माझ्यावर. दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी पाहिल्यावर ते बराच वेळ हसत होते. इतक्या वेळच्या माझ्या समजावणीने जे झालं नव्हतं ते त्या एका ओळीने झालं.

यानंतरचा भाग पैशांचा. दुरुस्तीची फी, वर्षाचं 'संरक्षण', किंवा 'चुकून जास्त पैसे परत आले, फरक पाठवा' असला बनाव, आणि तेवढ्यात उघडी असलेली बँकेची साइट. कोणी इथवर पोचलं असेल तर घरच्यांनी रागावण्याची ती वेळ नव्हे. आधी इंटरनेट तोडायचं, वायफाय बंद किंवा तार काढून. मग बँकेला फोन, आणि नंबर कार्डाच्या मागचाच, शोधून काढलेला नाही. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलायचे, ईमेलचा सर्वांत आधी, कारण बाकीचे सगळे त्याच्यातून बदलता येतात. रिमोटचं सॉफ्टवेअर काढायचं, आणि परका माणूस बराच वेळ आत होता असं असेल तर फाइली वेगळ्या ठेवून विंडोज नव्याने टाकायचं. ते काम किचकट वाटलं तरी नंतरची झोप शांत लागते. पोलिसांत तक्रारही करायची. काही दिवसांनी 'तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो' म्हणणारा फोन आला तर तोही त्याच गोतावळ्यातला समजायचा. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात.

या लाल पानांपेक्षा हल्ली मला जास्त दिसतो तो वेगळाच प्रकार. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दिवसभर छोट्या चौकटी येत राहतात: 'अँटिव्हायरसची मुदत संपली', '५ व्हायरस सापडले'. ब्राउझर बंद केला तरी येतात, त्यामुळे लोकांना वाटतं व्हायरस आत शिरला. बहुतेक वेळा मशीनमध्ये काहीच नसतं. कधीतरी एका पानाने 'तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा' म्हटलेलं असतं आणि आपण दाबलेलं असतं. त्या अलाउचा रोबोशी काही संबंध नसतो. ती नोटिफिकेशन पाठवायची परवानगी असते. चौकट नीट पाहिली तर तिच्यातच ब्राउझरचं नाव आणि कुठल्यातरी विचित्र साइटचा पत्ता बारीक अक्षरांत असतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत जाऊन तो पत्ता काढून टाकला की सगळं शांत. मी तर साइटना परवानगी मागायचीच मुभा देत नाही. बातमीच्या साइटने मला दर तासाला हाक मारावी अशी कुठलीही बातमी नसते.

आणि सर्वांत नवा प्रकार, २०२४ पासून बोकाळलेला. पान म्हणतं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. दिसायला निरुपद्रवी. पण पानाने तोवर आपल्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर जिथे थांबतो तिथे, एक आज्ञा गुपचूप ठेवलेली असते, आणि आपणच ती आपल्या हाताने मशीनला देतो. कुंपणाच्या आतून पानाला जे जमत नाही ते आपल्याकडून करून घेतलं जातं. कुठल्याही खऱ्या साइटला आपण माणूस आहोत हे ठरवण्यासाठी आपल्या मशीनवर काहीही चालवून घ्यायची गरज नसते.

घरच्या मशीनचं रक्षण म्हणाल तर ते बरंचसं नीरस आहे, आणि नीरस असणं हाच त्याचा गुण. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, प्रणालीतच येतो. बहुतेक घरांना तो पुरतो. दुसरा अँटिव्हायरस टाकलात तर डिफेंडर आपण होऊन मागे सरतो, पण तीन-तीन टाकू नयेत, ते एकमेकांशीच भांडतात. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन जरूर घ्यावं. डिसेंबर २०२२ मध्ये खुद्द एफबीआयने शोधनिकालांतल्या खोट्या जाहिरातींपासून बचावासाठी हा सल्ला दिला होता. रोजच्या वापराचं खातं ॲडमिनचं, म्हणजे मशीनमध्ये काहीही बदलायची मुभा असलेलं, नसावं. पासवर्ड मॅनेजर असावा, कारण बँकेसारखी दिसणारी खोटी साइट आपले डोळे फसवते, पण पत्ता जुळला नाही की तो पासवर्ड भरतच नाही. आणि बॅकअप असावाच. छायाचित्रकार पीटर क्रोग यांचा हिशेब प्रसिद्ध आहे: ३ प्रती, २ प्रकारच्या माध्यमांवर, १ घराबाहेर. सगळं जमलं नाही तरी एक बाहेरची हार्ड डिस्क, आणि ती बॅकअप झाल्यावर काढून ठेवलेली. डिस्क सतत जोडलेली असली तर खंडणी मागणारा व्हायरस मशीनबरोबर तीही कुलूपबंद करतो.

राहिलं अपडेट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या अशाच खंडणीखोर व्हायरसने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपासून कारखान्यांपर्यंत हाहाकार केला. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. दोन महिने ते तिथे पडून होतं. त्याला कोणी भोंगा लावला नव्हता ना.

इथेच माझ्या शिकवणीची दुसरी बाजू मला दिसली. काका आता इतके सावध झाले आहेत की कुठल्याच चौकटीला दाद देत नाहीत. विंडोज १० ला अपडेट मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तसा संदेश त्यांच्या मशीनवर कितीदा तरी आला, आणि त्यांनी प्रत्येक वेळी तो मोठ्या समाधानाने बंद केला. "पुन्हा घाबरवायला आले होते, हाकलून दिले," असं मला फोनवर सांगितलं. तो संदेश खरा होता हे पटवताना माझी चांगलीच पंचाईत झाली. शेवटी असं ठरलं की चौकट खरी की खोटी हे त्यांनी ठरवायचंच नाही. कुठलीही चौकट आली की ती बंद करायची, मग आपण होऊन सेटिंग उघडायचं आणि विंडोज अपडेटमध्ये काय लिहिलंय ते तिथे वाचायचं. खरा निरोप तिथेही असतो, खोट्याला तिथे शिरता येत नाही.

त्यांनी तसं केलं, वाचलं, आणि मुदतवाढीसाठी नावही नोंदवलं. घरगुती मशीनना सुरक्षेची अपडेट त्यात ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यानंतर नवं मशीन घ्यायचं की यावरच लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली टाकायची, यावर आमचं एकमत झालेलं नाही. मी लिनक्सच्या बाजूने आहे. काकांना आधी एवढंच कळायला हवंय की पत्त्यांचा खेळ त्यावर चालतो का.